फीडरचा डबा वारंवार बसतो आणि टॅरँटुला उपाशी राहतो: सांगली-साताऱ्याच्या हवेत काय करायचं

टॅरँटुला (मोठा केसाळ कोळी) आणि विंचू पाळणारे त्यांच्या खाद्यासाठी डब्यात जिवंत किडे ठेवतात, तो फीडरचा डबा. त्यातले किडे भराभर मेले की डबा बसला म्हणतात. ऑक्टोबर लागला की एकच प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांकडून येतो. कुणी मिरजेतून विचारतं, कुणी कराडहून, कुणी वाईहून. "डब्यातले रातकिडे सगळे मेले. पुण्याहून पार्सल यायला आठवडा लागेल. तोवर बांधावरचे नाकतोडे धरून घातले तर चालतील का?"

चालणार नाहीत. का चालणार नाहीत हे मी एक टॅरँटुला गमावून शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे कुरळ्या केसांची, म्हणजे टिल्टोकॅटल अल्बोपायलोसस जातीची मादी होती. मूळची मध्य अमेरिकेतली. शांत, आणि समोर येईल ते खाणारी. एका दिवाळीआधी माझा रातकिड्यांचा डबा बसला. त्याच आठवड्यात आम्ही तासगाव तालुक्यात मामांकडे गेलो होतो. द्राक्षबागेच्या कडेच्या गवतात टपोरे नाकतोडे उडत होते. दोन धरले, बाटलीत घालून घरी आणले आणि रात्री एक तिला दिला. तिने झडप घालून पकडला. तिसऱ्या दिवशी तिचे पाय एकेक करून थरथरायला लागले. चालताना पायात पाय अडकायचे, पाण्याच्या वाटीपाशी जाऊन ती कलंडायची. नवव्या दिवशी गेली. मामांना फोन केला तर ते हळहळले. म्हणाले, "आगं, छाटणी झाल्यापास्नं दर दोन-तीन दिसाला औषध चाललंय की बागंत. तितलं किडं कशाला धरलंस? मला इचारायचं तरी."

विचारायला हवं होतं. आपल्याकडे गोडी छाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नवी फूट कोवळी असते आणि डाऊनी, करपा, तुडतुडे, फुलकिडे यांच्यासाठी फवारणीमागून फवारणी चालू राहते. त्यातली इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती पानाच्या आत भिनतात. ते पान खाल्लेला नाकतोडा कितीही धुतला तरी औषध त्याच्या पोटातच असतं. शिवाय द्राक्षावर लाल कोळी आला की कोळीनाशक मारतात. लाल कोळी, विंचू आणि टॅरँटुला तिन्ही अष्टपाद वर्गातले. मराठीत त्या किडीलाही कोळी म्हणतात आणि जाळं विणणाऱ्यालाही. नातं खरंच आहे, आणि त्यातलं एक मारायला आणलेलं औषध दुसऱ्याला सोडेल अशी आशा धरू नये.

उसाच्या पट्ट्यातली मंडळी हुमणीबद्दल, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीबद्दल, विचारतात. पहिला वळीव पडला की भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि पुढे जमिनीत पांढऱ्या गलेलठ्ठ अळ्या मिळतात. दिसायला उत्तम खाद्य. पण उसाला कीटकनाशकाची आळवणी झालेली असते, नाहीतर हुमणी मारणारी मेटारायझियम बुरशी सोडलेली असते. त्या बुरशीचे बीजाणू अळीबरोबर घरात आले तर आधी तुमचे पाळलेले किडे जातील. घरातल्या मोरीतलं झुरळ तर मुळीच नको, कारण कुठल्या शेजाऱ्याने कुठे झुरळं मारायचं जेल लावलंय ते आपल्याला कळत नाही. आणि साताऱ्याच्या पश्चिमेला, घाटाकडे राहणाऱ्यांनी एक दृश्य पाहिलं असेल: पावसाळ्यात पाण्यात पडलेल्या रातकिड्याच्या किंवा खंडोबाच्या किड्याच्या पोटातून दोऱ्यासारखा लांबलचक जंत बाहेर येतो. फवारणी नसलेल्या रानातला किडाही निर्धोक नसतो, तो असा. कास पठारासारख्या राखीव जागेत तर काहीच धरायला जाऊ नका.

आता डबा रिकामाच असेल तर? काही होत नाही. पूर्ण वाढलेला, पोट भरलेला टॅरँटुला आठवडेच काय, महिनाभरही उपाशी राहू शकतो. मोठा विंचूही तसाच. वाटीत स्वच्छ पाणी मात्र हवं. घाई फक्त अगदी छोट्या पिल्लांची असते, आणि त्यांना मेलेल्या किड्याचा तुकडासुद्धा चालतो. बांधावर जायची वेळ डब्यामुळे येते, म्हणून डबा का बसतो ते बघू.

सगळ्यात साधं कारण बहुतेकांना सुचतच नाही: वय. रातकिड्याचं सगळं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं. पंख फुटलेले, किरकिरणारे मोठे रातकिडे तुम्ही विकत घेतलेत, तर त्यांचे शेवटचे तीन-चार आठवडेच तुम्ही विकत घेतलेत. ते मेले यात तुमची चूक नाही. अर्धवट वाढलेले, पंख नसलेले घ्या.

दुसरं कारण दमट हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येणाऱ्या तक्रारींत मला बहुधा हेच सापडतं. झाकणाला चार भोकं पाडलेला डबा, तळाशी कोंडा, त्यावर कालची काकडी. मेलेले किडे आणि विष्ठा ओलीत कुजतात आणि अमोनिया साठतो. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला की समजा, दोन-तीन दिवसांत डबा बसणार. यावर मी काय करते ते सांगते. झाकणाचा मधला बराचसा भाग कापून तिथे बारीक स्टीलची जाळी बसवते. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. तळाला काहीच घालत नाही. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावते, म्हणजे घाण खाली पडते आणि किडे वर राहतात. पाण्याची वाटी ठेवत नाही, कारण त्यात ते बुडून मरतात. गाजराच्या फोडी ठेवते आणि पावसाळ्यात त्या रोज बदलते. ओला कापूस चालतो, पण तोही रोज बदलायचा. मेलेले रोज उचलायचे. यात दिवसाची पाच मिनिटं जातात, आणि डबा टिकतो तो या पाच मिनिटांवरच.

माइट, म्हणजे जेमतेम दिसणारे बारीक किडे, ही दमटपणाचीच पुढची पायरी. कोंड्यावर किंवा डब्याच्या काठावर पिठूळ धूळ दिसते आणि नीट बघितलं तर ती हलत असते. मीलवर्मच्या, म्हणजे कोंड्यात वाढवलेल्या खाद्याच्या अळ्यांच्या, डब्यात हे हमखास होतं. कृपा करून त्यावर कसलीही पावडर टाकू नका. अळ्या निवडून काढा, जुना कोंडा घराबाहेर टाका, डबा कढत पाण्याने धुऊन कडकडीत उन्हात वाळवा. नवा कोंडा कढईत कोरडाच भाजून, पूर्ण गार करून घाला. पावसाळाभर मीलवर्मना गाजर थोडंच द्या, रात्री घालून सकाळी काढा. कोरड्या कोंड्यात माइट तग धरत नाहीत.

कराडच्या एका मुलाचा डबा दर महिन्याला बसायचा. वास नव्हता, माइट नव्हते, जाळी उत्तम होती. तीन वेळा नवे किडे मागवून झाले होते. शेवटी मी त्याला त्याच्या खोलीचा फोटो पाठवायला सांगितला. डब्यापासून हातभर अंतरावर प्लगमध्ये डासांचं लिक्विड लावलेलं होतं. डासांच्या लिक्विडमध्ये आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. त्याला डास आणि रातकिडा यांच्यात फरक करता येत नाही, टॅरँटुला आणि विंचवाशीही त्याचं वैर आहे. आपल्याकडे डेंग्यूचं भय असतं, त्यामुळे मशीन बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत मच्छरदाणी लावा आणि डबे दुसऱ्या खोलीत न्या. झुरळांचा खडू, मुंग्यांची पावडर, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध लावलेले हात, हे सगळं याच यादीतलं. पालिकेची धुराची गाडी येणार असेल तर खिडक्या लावून घ्या आणि डब्यांवर ओलसर चादर टाका.

बाजारातल्या भाजीचंही तेच. कोबीची वरची पानं, फ्लॉवर, कोथिंबीर मी किड्यांना घालत नाही. गाजर किंवा लाल भोपळा, साल काढून. सोबत कोंबडीचं खाद्य बारीक करून. प्रथिन कमी पडलं की रातकिडे एकमेकांना खातात, मग सकाळी नुसते पाय आणि पंख सापडतात.

आणि एक विषाणू आहे. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या रातकिडे पैदा करणाऱ्या कित्येक फार्मना त्याने टाळं लावायला लावलं. घरगुती रातकिडा, म्हणजे अकेटा डोमेस्टिकस, त्याला बळी पडतो. सगळं नीट असूनही अर्धे वाढलेले किडे उताणे पडून पाय झाडत असतील, तर तो सगळा साठा, ट्रेसकट, टाकून द्या. त्याच डब्यात नवे घालू नका. पुढच्या वेळी काळा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असलेला ग्रायलस बायमॅक्युलॅटस मागा. तो या विषाणूला दाद देत नाही.

इतकं सगळं सांभाळूनही माझं मत असं, की रातकिड्यावर सगळी भिस्त ठेवू नये. मूळ साठा डुबिया झुरळांचा ठेवा. माझ्या आईला हे पटायला वर्ष गेलं. "आपण झुरळं मारायला पैसे घालतो आणि तू ती आणून पाळणार?" हा तिचा प्रश्न रास्त होता. पण डुबिया हे दक्षिण अमेरिकेतलं जंगली झुरळ. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याला चढता येत नाही. नराला पंख असतात, पण तो नीट उडत नाही. वास जवळजवळ नाही, आवाज नाही. मादी अंडी बाहेर न टाकता थेट पिल्लं देते, एका वेळी वीस ते चाळीस. मोठं झालेलं डुबिया वर्षभर, कधी त्याहून जास्त जगतं. म्हणजे पार्सल आठ दिवस उशिरा आलं तरी तुमचा डबा जिवंत असतो.

त्याला ऊब हवी. २८ ते ३२ अंशात पैदास चांगली होते, आणि सांगली-मिरजेत वर्षातले बरेच महिने ती फुकट मिळते. अडचण डिसेंबर-जानेवारीत, साताऱ्याकडे तर जास्तच. तेव्हा पिल्लं होणं थांबतं, पण मोठी मरत नाहीत. थर्माकोलच्या खोक्यात डबा ठेवून बाजूला थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट ठेवली तर थंडीतही पैदास चालू राहते. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका. एप्रिल-मेमध्ये उलटं करायचं, पत्र्याच्या खोलीतून डबा काढून घराच्या गार कोपऱ्यात ठेवायचा.

लोकांचा धीर सुटतो तो इथे. पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने लागतात. सुरुवातीला २५ माद्या आणि पाच-सहा नर आणा आणि पहिले पाच महिने त्यांतलं एकही खाऊ घालू नका. तेवढे दिवस विकतच्या रातकिड्यांवर काढा. माझ्या सात प्राण्यांना आता २५ माद्यांचा डबा पुरून उरतो.

डुबिया आणि रेड रनर या दुसऱ्या झुरळात गल्लत करू नका. रेड रनर फार चपळ, अंड्यांच्या पिशव्या टाकणारं, घरात सुटलं तर पसरणारं. लॉबस्टर झुरळ काचेवर सरळ चढतं. कुठलंही परदेशी झुरळ उकिरड्यावर किंवा शेतात सोडायचं नाही. नको असतील तर फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग टाका.

सुपरवर्म, म्हणजे मीलवर्मसारखीच पण मोठी अळी, हा माझा दुसरा आधार. सुपरवर्म गर्दीत ठेवले तर महिनोन्महिने अळीच राहतात. एकेकटे वेगळ्या डबीत ठेवले तरच कोष करतात. पण जबडा मजबूत असतो आणि सोडल्या सोडल्या ते मातीत शिरतात, म्हणून डोकं चिमट्याने चेपूनच द्यायचे.

रेशीमअळी मिळाली तर सोनं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तुती लावलेले शेतकरी आहेत. मऊ, पाणीदार, न चावणारी अळी, आणि तिची एक खात्री अशी की तुतीवर शेजारच्या रानातलं औषध उडून आलं तर ती स्वतःच आधी मरते. जिवंत, खात असलेली रेशीमअळी म्हणजे पाला बहुधा स्वच्छ असल्याची खूण. तरी शेतकऱ्याला एवढं विचारा की अळ्यांवर चुना किंवा जंतुनाशक भुकटी कधी धुरळली. धुरळण्याआधीच्या घ्या. महाबळेश्वराकडच्या मधपाळांकडे मेणअळी मिळते. ती चरबीने भरलेली असते, त्यामुळे महिन्यातून एखादी, अशक्त प्राण्यापुरती.

डबा भरलेला आहे, किडे धडधाकट आहेत, आणि तरी टॅरँटुला खात नाही, ही दुसरी तक्रार. इथेही मी किड्यापासून सुरुवात करते. डुबिया घाबरलं की मेल्यासारखं निपचित पडतं किंवा मातीत दडतं. टॅरँटुलाला नीट दिसत नाही, त्याला हलण्याची थरथर कळते. न हलणारं डुबिया त्याच्या लेखी नसतंच. चिमट्याने धरून पायांपाशी हलवा, नाहीतर डोकं चेपून द्या, ते मग एका जागी वळवळत राहतं. किड्याचा आकार टॅरँटुलाच्या पोटापेक्षा मोठा नको. मोठा रातकिडा बघून मागे सरणारा प्राणी निम्म्या आकाराचा लगेच पकडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

मग कात. पोट टम्म, रंग मळका, आणि ज्यांच्या पोटावर केस गळून टक्कल पडलेलं असतं त्यांची ती जागा काळसर झालेली, अशी लक्षणं असतील तर तो कात टाकणार आहे. काही आठवडे, मोठा असेल तर काही महिने तो खाणार नाही. अशा वेळी जिवंत रातकिडा आत सोडून झोपू नका. पाठीवर उताणा पडून कात टाकत असलेला टॅरँटुला पूर्ण असहाय असतो आणि रातकिडा त्याला कुरतडतो. कात टाकल्यावर सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे झाल्यावरच खायला द्या. मोठ्याला त्यासाठी दहा-पंधरा दिवस लागतात. चोवीस तासांत न खाल्लेला किडा काढायचाच, हा नियम बाराही महिने पाळा. चघळून टाकलेला गोळाही उचला, नाहीतर पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि बारीक, धावऱ्या माश्या होतात.

शेवटची कात टाकलेला नर कमी खातो. चिलीची रोझ हेअर ही टॅरँटुलाची जात वर्षातले काही महिने उपास करते. पोट सुरकुतलं नसेल तर थांबा.

कॅल्शियम पावडरीबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतं. ती सरड्यांसाठी, त्यांच्या हाडांसाठी. टॅरँटुलाला आणि विंचवाला हाडं नाहीत, कवच कायटिनचं असतं. पावडर नको, किड्याला दोन दिवस चांगलं खाऊ घाला.

विंचवासाठी निवड थोडी वेगळी. एम्परर किंवा आशियाई फॉरेस्ट विंचवाचे चिमटे जाड असतात. तो डुबियाचं कडक कवचही चेपून फोडतो आणि नांगी फारशी वापरत नाही. बारीक चिमट्यांचे विंचू नांगीवर अवलंबून असतात. त्यांना मऊ, लहान रातकिडा बरा. आपल्या रानातला लाल विंचू मात्र पाळायला घेऊच नका. त्याच्या विषाने हृदयावर परिणाम होऊन कोकण-देशावर किती माणसं दगावत होती आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यांतली किती वाचवली, हे आपल्या भागात ठाऊक नाही असं घर विरळा. खाऊ घालताना हात आत जातो, आणि चूक तेव्हाच होते.

एम्परर विंचू, आणि ब्रॅकिपेल्मा, पोएसिलोथेरिया हे टॅरँटुला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. करून घ्या.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते अक्षरशः खरं आहे. मादी पिल्लं देते, ती तिच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. या दिवसांत जिवंत रातकिडा आत सोडला तर मादी बिथरते, आणि बिथरलेली किंवा उपाशी मादी स्वतःचीच पिल्लं खाते. डोकं चेपलेला एक मध्यम किडा संध्याकाळी तिच्या तोंडापासून दोन बोटांवर ठेवा, दिवा लावू नका, सकाळी उरलेला लांब चिमट्याने काढा. पिल्लं कात टाकून खाली उतरली की त्यांना वेगवेगळ्या डब्यांत घाला. पहिलं खाणं म्हणून मी मीलवर्मचे तांदळाएवढे तुकडे करते आणि एकेका पिल्लापुढे एकेक ठेवते. पहिल्या रात्री निम्मी खात नाहीत. तुकडा सकाळी काढते आणि तिसऱ्या रात्री नवा ठेवते.